जांभा, चुना आणि वारस

बोरीवलीत जुन्या वास्तूची गोष्ट निघाली की मंडपेश्वरचे नाव प्रथम घ्यावे लागते. ही शैव लेणी कोरली गेली तेव्हा मुंबई नावाचे शहर नव्हते. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगिजांना दिली. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो दो पोर्तो याच्या काळात या लेण्याचे चर्च झाले आणि वरच्या टेकडीवर मठ व विद्यालय उभे राहिले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि साष्टी मराठ्यांकडे आली. १७७४ मध्ये ती इंग्रजांनी घेतली. दरवेळी राज्य बदलले आणि वास्तूचा वापरही बदलला. आज लेण्याच्या एका भिंतीवर मूर्ती तासून त्यातून काढलेला क्रूस दिसतो, आतल्या बाजूस नटराज दिसतो, आणि टेकडीवर मठाच्या भिंती छपराविना उभ्या आहेत. लेणे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात असल्यामुळे वाचले. वरच्या मठाचे छप्पर गेले आणि मग भिंतींचे आयुष्य पावसाने ठरवले. छप्पर गेले की घर गेले, हे कोकणातल्या कोणत्याही म्हाताऱ्या बाईला ठाऊक असते.

राजा आणि देव यांच्या वास्तूंबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते साध्या राहत्या घराबद्दल. अशा घराला शिलालेख नसतो. त्याचा इतिहास कौलावर, तुळईवर आणि घरपट्टीच्या पावतीवर वाचावा लागतो. बोरीवलीच्या वझिरा, एक्सर, शिंपोली या गावठाणांत आणि खाडीपलीकडच्या गोराईत अशी घरे एकेकाळी गल्लीगल्लीत होती. ईस्ट इंडियन, कोळी, आगरी, भंडारी अशा जमातींची ही घरे: उंच जोते, पुढे ओटा, उतरते कौलारू छप्पर, काही ठिकाणी माडीवर जाणारा बाहेरचा लाकडी जिना. १८६७ मध्ये विरारहून पहिली गाडी सुटली तेव्हा बोरीवलीचे नाव ‘बेरेवला’ असे नोंदले गेले होते. १९२८ च्या ५ जानेवारीला कुलाबा ते बोरीवली विजेची गाडी सुरू झाली आणि १९५७ मध्ये बोरीवली महापालिकेच्या हद्दीत आली. शेत गेले, वाडी गेली, इमारत आली. आज बोरीवलीत पहिल्या पिढीच्या सहकारी सोसायट्यांच्या इमारती पाडून त्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. अशा वेळी कौलारू घर कोण पाहणार?

दक्षिण मुंबईत हीच गोष्ट थोडी अधिक नोंदली गेली आहे. गिरगावातील खोताची वाडी अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर वसली. ईस्ट इंडियन कुटुंबांनी तेथे लाकडी माड्यांची घरे बांधली. पूर्वी तेथे पासष्टच्या आसपास घरे होती असे सांगितले जाते. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. जी उरली ती कायद्यामुळे कमी आणि मालकांच्या हट्टामुळे जास्त. फॅशन डिझायनर जेम्स फरेरा यांचे ४७-जी क्रमांकाचे घर हे त्यांतले सर्वांत परिचित. घर राहते ठेवायचे तर त्याने थोडे कमावलेही पाहिजे, म्हणून त्यांनी त्याचा काही भाग पाहुण्यांसाठी खुला केला.

मुंबईतील जुनी घरे का खंगली, याचे एक कारण १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्या कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. युद्धकाळात आणि फाळणीच्या धामधुमीत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणे हा त्याचा हेतू होता आणि तो योग्यच होता. परंतु हा बंदोबस्त अर्धशतक टिकला. भाडे गोठले, चुन्याचा, लाकडाचा आणि सुताराच्या मजुरीचा भाव मात्र गोठला नाही. मालकाने डागडुजी सोडली. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला, पण तो मुंबई शहरापुरता. माहीम आणि शीवच्या पलीकडच्या उपनगरांतील घरांना ती सोय नव्हती. बोरीवलीचे कौलारू घर गळू लागले तर ते मालकाने पाहायचे, नाहीतर बिल्डरने.

आता सामानाकडे येऊ. आपण ज्याला पारंपरिक कोकणी छप्पर समजतो ते मंगलोरी कौल फार जुने नाही. त्याआधी गवताचे छप्पर किंवा कुंभाराने चाकावर केलेले नळे असत. एकमेकांत अडकणारे सपाट कौल १८४१ मध्ये अल्सेसमधल्या जिलार्दोनी बंधूंनी काढले. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनचे लोक मंगळुरास आले. धर्मांतरामुळे जातीबाहेर पडलेल्यांना काम देणे हा त्यांच्या कारखान्यांमागचा एक हेतू होता. १८६५ मध्ये गेओर्ग प्लेब्स्ट याने नेत्रावतीच्या गाळाच्या मातीतून तेथे कौले भाजायला सुरुवात केली. गलबतांतून ती बंदरोबंदरी पोहोचली. नळ्यांचे छप्पर दर पावसाळ्यापूर्वी परतावे लागे, कारण नळे नुसते एकमेकांवर टेकलेले असतात. मंगलोरी कौलाला खाच असते, ते रीपेला धरून राहते, वजनाला हलके पडते आणि त्याला लाकूडही कमी लागते. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव आणि साल उठवलेले असते. ते साल घराच्या बांधणीचे समजू नये. अल्बुकर्क कंपनीच्या कौलावरचे १८६८ हे कारखान्याच्या स्थापनेचे साल आहे. गावोगावी लोक ते दाखवून आपले घर दीडशे वर्षांचे असल्याचे सांगतात. त्यांना दुखवू नये, पण लिहूनही घेऊ नये.

भिंत जांभ्याची. जांभा खाणीतून ओला निघतो तेव्हा कुऱ्हाडीने तासता येतो आणि वारा लागला की कडक होतो. तो सच्छिद्र असतो. पावसाळ्यात पाणी पितो आणि दिवाळीनंतर ते हळूहळू सोडून देतो. आपल्या पूर्वजांनी त्यावर चुन्याचा गिलावा केला, त्याचे कारण हेच. घाणीत मळलेला चुना, वाळू, विटांची सुरखी आणि कुठे गूळ, कुठे बेलफळाचा गर, कुठे हिरड्याचे पाणी. चुना हवेतला कर्बवायू घेत घेत सावकाश दगड होतो, आणि तरीही भिंतीला श्वास घेऊ देतो. भिंत किंचित हलली तर तोही किंचित हलतो.

सिमेंटचे तसे नाही. मद्रासमध्ये १९०४ मध्ये एक प्रयत्न झाला, तो टिकला नाही. पोरबंदरला १९१४ मध्ये सुरू झालेला कारखाना टिकला. १९३६ मध्ये निरनिराळ्या कंपन्या एकत्र येऊन ए. सी. सी. झाली आणि सिमेंट हळूहळू गावच्या दुकानापर्यंत पोहोचले. सिमेंट वाईट नाही. पूल आणि धरणे त्याच्याविना झाली नसती. पण जुन्या जांभ्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की भिंत पाणी पिते आणि तिला ते सोडता येत नाही. ओल आत चढते, लोणा लागतो, भिंतीत टेकलेल्या तुळईचे टोक कुजते, आणि कुजक्या ओलसर लाकडाकडे वाळवी वाट न विचारता येते. मग गवंडी सांगतो की घर जुने झाले, पाडा. घराचे वय झालेले नसते. त्याचा श्वास कोंडलेला असतो.

आमच्या समाजाच्या घरांविषयी येथे थोडे लिहिले पाहिजे. रायगड आणि रत्नागिरीच्या खाडीकाठची कोकणी मुसलमानांची घरे जांभा, चुना आणि सागवान-ऐन-किंजळ यांचीच. शेजारच्या कुणब्याच्या किंवा ब्राह्मणाच्या घरापेक्षा त्यांत फरक इतकाच की देव्हाऱ्याच्या जागी कुराणशरीफ आणि दिव्यासाठी भिंतीत ताक, आणि ओटीवरून माजघर दिसू नये म्हणून मध्ये आडभिंत किंवा पडदा. पैसा आला तो शेतीतून क्वचितच. माझे पणजोबा बोटीवर आगवाले होते. बॉयलरमध्ये कोळसा टाकून मिळवलेल्या पगारातून बाणकोटच्या खाडीकाठी आमचे घर झाले. पुढे १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि बोटीची जागा आखाताने घेतली. त्या पैशातून स्लॅबची घरे आली: रंगीत काचा, गच्चीवर पाण्याची टाकी, फाटकावर माशाअल्लाह. या घरांना हसणे मला आवडत नाही. बाईला रात्री कंदील घेऊन बाहेरच्या संडासात जावे लागू नये, दर वैशाखात कौले परतण्यासाठी माणूस शोधावा लागू नये, माकडांनी उड्या मारून छप्पर फोडू नये, ही साधी माणसाची इच्छा त्यामागे होती. मात्र खाडीच्या वाळूत कालवलेले काँक्रीट चाळीस वर्षांत काय होते, तेही आता दिसते आहे. वाळूतल्या मिठाने सळई गंजते, गंजून फुगते, आणि स्लॅबचा पापुद्रा जेवणाच्या ताटात पडतो. आमच्या मोहल्ल्यात पाडण्याजोगी घरे आज शोधली तर त्यांत कौलारूंपेक्षा स्लॅबची अधिक निघतील.

एक बारकावा येथे नोंदवते, कारण तो पुस्तकांत सहसा सापडत नाही. चुलीच्या धुराने वासे काळे होत आणि त्यांना कीड लागत नसे. गॅस आला, आईच्या डोळ्यांतले पाणी थांबले आणि त्याच वर्षांत भुंग्यांनी आढ्याला भोके पाडायला सुरुवात केली. घर वापरणाऱ्या बाईने नकळत घर राखले होते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले. टाळेबंदीचे दिवस होते आणि आम्ही बोरीवलीत अडकलो होतो. गावच्या घराची समुद्राकडची अख्खी पाखी उडाली. त्या पावसाळ्यात माजघरात पाणी साचले. अब्बा आधीच अल्लाहला प्यारे झाले होते. वीज परत आल्यावर थोरल्या भावाचा कुवेतहून फोन आला, की आता पाडू आणि दोन मजली स्लॅबचे बांधू. धाकट्याचे म्हणणे, विकू. मला कोणी विचारले नाही, कारण मुलीला विचारायची रीत नाही. तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत आहे.

या रीतीला इतिहास आहे. १८४७ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात दोन खटले उभे राहिले, एक खोजा समाजातला आणि दुसरा मेमन समाजातला. हिरबाई आणि रहिमतबाई अशी अर्जदार मुलींची नावे. बापाच्या मालमत्तेत कुराणाने दिलेला हिस्सा मिळावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की या जमातींत मुलींना वारसा न देण्याचा जुना रिवाज आहे आणि न्यायालय रिवाजच मानेल. मुली हरल्या. धर्मग्रंथात हक्क लिहिलेला, आणि आपल्याच माणसांनी गोऱ्या न्यायाधीशासमोर उभे राहून तो आपल्यात पाळला जात नाही असे सिद्ध करायचे! नव्वद वर्षांनी, १९३७ च्या शरियत कायद्याने रिवाजाला बाजूला सारले. शेतजमीन तेव्हा वगळली गेली, पण घर हे शेतजमीन नव्हे.

आमच्या घराचा हिशेब मी फळ्यावरच्या गणितासारखा मांडला. अम्मीला एक अष्टमांश. उरलेल्या सात अष्टमांशाचे पाच भाग, त्यांतले दोन-दोन भावांचे आणि एक माझा. म्हणजे चाळीसपैकी पाच अम्मीचे, चौदा-चौदा भावांचे आणि सात माझे. सात चाळिसांश म्हणजे घराचा कोणता भाग? ओटा म्हटले तर फार होतो, न्हाणी म्हटले तर कमी. हिस्सा कागदावर मोजता येतो, भिंतीत दाखवता येत नाही. जुनी मुसलमानी घरे पडीक राहण्याचे हे आमच्या समाजातले मुख्य कारण आहे, असे माझे मत आहे. पिढी वाढते, वारस वाढतात, कोणी कराचीत, कोणी केपटाउनात, कोणी मुंब्र्यात. छपराचा खर्च एकाने करावा तर मालकी सर्वांची, म्हणून कोणीच करत नाही.

यावर आमच्या पूर्वजांनी काढलेला उपाय म्हणजे वक्फ-अलल-औलाद. घर अल्लाहच्या नावे करायचे आणि उपभोग वंशजांना द्यायचा, म्हणजे ते विकताही येत नाही आणि फोडताही येत नाही. १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने असे कौटुंबिक वक्फ अवैध ठरवले. त्यावर देशभर नाराजी झाली. महंमदअली जिना यांनी मांडलेल्या विधेयकातून १९१३ चा कायदा झाला आणि ते पुन्हा वैध ठरले. माझ्या मते या उपायाने घराण्याचे नाव राहिले आणि घर मात्र खचले. विकता येत नाही त्या घरासाठी कर्जही मिळत नाही, आणि पैशाविना सुतार येत नाही.

पडीक घर राहते कसे करता येते, याचे मला पटलेले उदाहरण गोव्यात आहे. केपे गावात कुशावती नदीच्या काठी ‘पालासियो दो देआंव’ नावाचे घर आहे. जुझे पावलु द आल्मेदा या डीनने, म्हणजे चर्चच्या मोठ्या अधिकाऱ्याने, १७८७ मध्ये ते बांधले. केपे गाव वसवले तेही त्यानेच. घर पोर्तुगीज धाटणीचे, पण उतरते छप्पर आणि मोकळी पडवी आपल्या मातीतली. पुढे ते दुर्लक्षित झाले. २००० नंतरच्या दशकात रूबेन वास्को द गामा आणि त्यांची पत्नी सेलिया यांनी ते दुरुस्त केले आणि तेथेच संसार मांडला. त्यांनी त्याचे संग्रहालय केले नाही. जुने फर्निचर मांडून दोरीने खोल्या बंद करणे सोपे असते. हे लोक तेथे राहतात आणि बाहेरून येणाऱ्यांना मागच्या पडवीत जेवू घालतात. अशा घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या बसवलेल्या असत. त्यांतून ऊन येत नाही, उजेड येतो. साष्टीतही पूर्वी अशा खिडक्या होत्या.

गोव्याच्या वाड्याची आणि आमच्या घराची बरोबरी होऊ शकत नाही, परंतु त्या घराने मला मुद्दा दिला. भावांना मी जुने घर वाचवा असे म्हणाले नाही. स्लॅबच्या घरात जे मिळणार आहे ते सर्व या घरात मिळेल का ते पाहू, असे म्हणाले. थोरल्याला पाश्चात्य संडास हवा होता, त्याच्या बायकोला ओट्याचे स्वयंपाकघर, अम्मीला रात्री उठावे लागू नये ही काळजी, आणि धाकट्याला आपला पैसा बुडू नये ही.

त्यासाठी ज्या गोष्टी केल्या त्या लिहिते, कदाचित कोणाला उपयोगी पडतील. न्हाणी-संडास जुन्या भिंतींच्या आत घेतला नाही. मागच्या पडवीत स्वतंत्र पाया घालून बांधला, म्हणजे नळ गळला तरी पाणी तुळईपर्यंत जाणार नाही. तेथे सिमेंट वापरले, कारण तेथे तेच योग्य. सिमेंटचा जुना गिलावा तीन भिंतींवरून छिन्नीने काढला आणि भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवली. शेजारी म्हणाले, पैसे संपले वाटते. पुढच्या मोसमात चुन्याचा गिलावा केला. त्यासाठी गवंडी गावात मिळाला नाही. घाणी तर कोणाच्या आठवणीतही नव्हती. दुसऱ्या तालुक्यातला एक सत्तरीचा गवंडी आला. त्याने खड्ड्यात चुना भिजत घालून आम्हाला थांबायला लावले आणि आमच्या घाईवर मनमुराद हसला. तुळयांची कुजलेली टोके तेवढी कापून सागाचे नवे तुकडे सांधले, सगळी तुळई बदलली नाही. पाखीवर मंगलोरी कौलेच घातली, पण माकडांसाठी खाली पत्रा घेतला. माजघर अंधारे होते, तेथे चार काचेची कौले बसवली. ताक तसाच ठेवला आणि त्यात आता वायफायची पेटी असते. भाऊ मला म्हणाला, “आपा, तुझ्या इतिहासाला चार्जर लागतो.”

लाकूडकाम स्वस्त पडले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चुन्याला वेळ लागतो आणि आखातातून सुट्टीवर येणाऱ्या माणसाकडे वेळच नसतो. चाळीस दिवसांच्या रजेत स्लॅब पडतो, चुना वाळत नाही. कोकणात चुना हरला त्यात गवंड्याइतकाच रजेच्या अर्जाचाही हात आहे.

राहिला मालकीचा प्रश्न. वाटणी केली नाही. आपसांत करार लिहिला: घर फोडायचे नाही, छपराचा खर्च हिस्स्याच्या प्रमाणात, म्हणजे माझ्याकडून चाळीसपैकी सात रुपये, आणि मोसमाच्या आधी कौले कोणी पाहायची याची पाळी. हक्कसोडपत्र झाले नाही. ते करणे मोठेपणाचे असते, असे एक-दोन नातेवाईक बायकांनी मला समजावले. मी त्यांना विचारले, अब्बांनी तरी असे सांगितले होते का? यावर त्या चहा प्यायल्या आणि विषय बदलला.

घरपट्टीची पावती मात्र अजून पणजोबांच्या नावाने येत होती. पुढे कोणाचे नाव चढलेच नव्हते. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणांतील घरांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रके दिली जातात. आमच्या गावाची मोजणी झाली तेव्हा मालक म्हणून कोणाचे नाव लावायचे हा प्रश्न ग्रामपंचायतीत निघाला. आम्ही वारसांच्या नोंदीचा अर्ज दिला. त्यावर चौघांच्या सह्या आहेत: अम्मीची उर्दूत, दोन्ही भावांची इंग्रजीत आणि माझी मराठीत.